थंड पाण्यातली लेकुरवाळी

आमच्या घरी फ्रिज आला तो दुधातुपासाठी नव्हे. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत तेव्हा फ्रिज असलेलं घर शोधूनही सापडलं नसतं. त्यामुळे हमालांनी तो पांढरा पेटारा अरुंद जिन्यातून तिरका करत, जिन्याला आणि आम्हाला शिव्या घालत वर चढवला तेव्हा समोरच्या छतांवर बायका जमल्या होत्या. अक्कानं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि संध्याकाळी पातेलंभर दूध घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. बाबा म्हणाले, "अक्का, ह्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही." तिला वाटलं, थट्टा करतोय. बाबा थट्टा करत नसत. उन्हाळाभर आमचं दूध पूर्वीसारखंच परातीतल्या पाण्यात बसून राहिलं आणि पूर्वीसारखंच नासलं. फ्रिजमध्ये राहायला आली ती समुद्रफुलं, फुलासारखे दिसणारे समुद्रातले जीव.

अक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत कुंकू पुसून माहेरी परत आली. तेव्हा बाबा रांगत होते आणि त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. अक्कानं त्यांना वाढवलं. पुढे मी पाळण्यात असतानाच माझी आई गेली, मग अक्कानं मलाही वाढवलं. एकाच बाईच्या मांडीवर आधी बाप आणि मग त्याची लेक न्हाऊन निघाली, असं आमचं घर. बाबा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचे. बाहेर त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. अक्का मात्र गॅलरीतून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात "सदूऽऽ, डबा राहिला रे!" अशी हाक मारी आणि बाबांचे कान लाल होत. मला त्याची फार गंमत वाटायची. आता वाटतं, तो माणूस ते सगळं मनात साठवत असला पाहिजे.

अक्काच्या हाताला चव होती हे सगळेच आपापल्या आत्यांबद्दल म्हणतात, म्हणून मी ते म्हणत नाही. पण तिच्या स्वयंपाकात पुणं आणि काशी एकमेकांशी भांडत नसत, एवढं खरं. आमसुलं कुणी देशावरून आणली तर आणली, नाहीतर आमटीत आमचूर पडे आणि कुणाची तक्रार नसे. थंडीत ती आपल्या पद्धतीनं फोडणी देऊन चुडा-मटर, म्हणजे मटारचे पोहे, करी आणि वर घालायला ओला नारळ नाही म्हणून दरवर्षी न चुकता हळहळे. सकाळी संकठादेवीची घंटा, पत्र्यावर माकडांच्या उड्या, खाली गल्लीत अडून बसलेल्या सांडाला "हट भई, हट" करणारे लोक आणि ह्या सगळ्यात अक्काचं आपलं चालू, "बबे, ऊठ. नल जाईल. केस कधी धुणार, मी मेल्यावर?" मराठी बोलायची ती फक्त ह्या घरात. खाली उतरली की गल्लीची भाषा तिच्या तोंडात आपोआप येई. मला आजही स्वप्नं पडतात ती अक्काच्या मराठीत.

बाबा दोन वर्षं परदेशी होते. कुठल्याशा गारठलेल्या किनाऱ्यावर, जिथे म्हणे उन्हाळ्यातही समुद्रात पाय घातला तर बधिर होतो. परत आले ते थर्मास घेऊन. मी दारातच फतकल मारून बसले होते, बाहुलीची वाट बघत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थर्मास जपून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "बर्फ आहे का घरात?" दोन वर्षांनी घरी आलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. मग फ्रिज आला, मग काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या, हवा सोडणारी रबरी नळी. खारं पाणी ते विभागातच तयार करून कॅनमधून आणत. तशा बरण्या तीन होत्या, पण प्रवासानं खचलेले जीव एकेक करून गेले आणि शेवटी एकच बरणी उरली. त्या बरणीतलं समुद्रफूल मुठीएवढंसुद्धा नव्हतं. तपकिरी, मऊ, वर झालर. बोट लावलं की मिटून जाई. पण त्याच्या कमरेशी चहूकडून बारीक बारीक मण्यांची माळ होती, आणि भिंगातून पाहिलं तर त्या प्रत्येक मण्याला स्वतःची झालर होती. ती त्याची पिल्लं होती.

बाबा मला शिकवत, हे कबूल करायला हवं. शिकवताना ते वेगळेच होत, आवाज मऊ होई. उष्ण समुद्रातली बहुतेक समुद्रफुलं आपली अंडी पाण्यात सोडून देतात, म्हणाले, पुढे ज्याचं नशीब. पण थंड समुद्रात तसं करून भागत नाही. तिथे ह्या जातीची अंडी आईच्या पोटात फळतात, तिच्या तोंडातून बाहेर येतात, अंगावरून घरंगळत कमरेच्या घडीत जाऊन बसतात आणि तिथल्या चिकट स्रावानं धरून ठेवली जातात. महिनोन् महिने. आई वेगळं काही भरवत नाही, पण तिच्या घासातलं सांडलेलं त्यांना पोचतं. आपलं आपण खाता येऊ लागलं की एकेक पिल्लू सुटतं आणि सरकत सरकत दगडावर दुसरी जागा धरतं. आणि गंमत म्हणजे लहानपणी ह्या सगळ्या माद्याच असतात, मोठं झाल्यावर त्याच देहात नरपणही येतं. आई तीच आणि बापही तोच.

"किती माया!" मी म्हटलं होतं.

"माया नाही," बाबा म्हणाले. "सोय आहे. सोडून देणं परवडत नाही म्हणून धरून ठेवते."

मी हे सगळं धावत जाऊन अक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. त्या बरणीकडे ती एरवी बघतही नसे, कारण त्या जिवाला झिंग्याचा तुकडा लागे आणि तो चिमट्यानं भरवण्याचा कार्यक्रम गॅलरीत चाले. तेवढा वेळ अक्का देवघराचं दार लावून घेई, नंतर गॅलरी धुऊन स्वतः अंघोळ करी. बाबांशी त्यावरून तिचे खटके उडत. पण माळेसारखी पिल्लं अंगावर घेऊन बसलीय हे ऐकल्यावर ती हात पुसत उठली. मी तिला भिंग धरून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. "अगो बाई," म्हणाली, "लेकुरवाळी आहे की ही!" आणि मग, "नवरा?"

"नवरा नसतो. तीच आई, तीच बाप."

"चला, बरं झालं," अक्का म्हणाली. "एक कटकट गेली." आणि आम्ही दोघी हसलो. तिला नवऱ्याचा चेहराही नीट आठवत नसे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून लेकुरवाळी हेच तिचं नाव पडलं. बाबा लांबलचक लॅटिन नाव घेत, आम्ही लेकुरवाळी म्हणत असू. काशीचा जेठ महिना ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको की फ्रिजच्या भरवशावर तिथे कुणी राहू नये. दुपारी बिजली जायची ती जायचीच. बाबा विद्यापीठात. मग अक्का डोक्यावरून पदर घेऊन त्या लूमध्ये, भाजणाऱ्या वाऱ्यात, चौकापर्यंत जाई, बर्फाची लादी भुश्यासकट पोत्यात गुंडाळून आणी आणि परातीत बर्फ फोडून मधे बरणी ठेवून बसून राही. स्वतः घामानं चिंब. मी एकदा बर्फाचा खडा तोंडात टाकला तर माझ्या हातावर चापट मारली. "तिच्या वाटणीचा आहे. तिच्याजवळ लहान लेकरं आहेत." घरात बर्फ होता आणि आम्ही दोघी माठातलं कोमट पाणी पीत होतो. बाबा संध्याकाळी येत, थर्मामीटर बुडवून बघत, "ठीक आहे" म्हणत. अक्काला की बरणीला, ते कळत नसे.

आणि एवढ्या काळात त्यांनी अक्काला एकच गोष्ट सांगितली होती: बरणीत हात घालायचा नाही. पाहुणे आले, विद्यार्थी आले, की तासतास समजावत. त्या जिवाला काय सोसतं, काय सोसत नाही, मीठ किती लागतं, सगळं. पण इंग्रजीत, आणि अक्का तेव्हा आत चहा गाळत असे. घरात बर्फ वाहणाऱ्या बाईला सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मी पुढे तीस-एक वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं. वर्गात कुणी काही तोडलं, सांडलं, की मी आधी स्वतःला विचारायची, मी हे सांगितलं होतं का? ही सवय मला बाबांमुळे लागली, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मग ते सूर्यग्रहण आलं. काशीतलं ग्रहण म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आदल्या दिवसापासून गल्ल्या माणसांनी फुगतात, घाटाच्या पायऱ्यांवर तीळ ठेवायला जागा नसते. बाबांना ह्या सगळ्याचा संताप. त्यांनी मुद्दाम विद्यार्थ्यांना मैदानावर बोलावलं होतं, काचेवर काजळी धरून सूर्य दाखवायला, आणि ग्रहण चालू असताना सगळ्यांना केळी खायला लावणार होते. मलाही घेऊन गेले. निघताना अक्का दर्भाच्या काड्या घेऊन घरभर फिरत होती. लोणच्याच्या बरणीत काडी, तुपात काडी, पिठाच्या डब्यात काडी. फ्रिजवर तिनं आपलं धुतलेलं लुगडं पांघरून घातलं. "लेकुरवाळीवर छाया पडू नये," म्हणाली.

"फ्रिजच्या आत छाया?" बाबा हसले. "अक्का, तू धन्य आहेस."

ते खरंच हसले होते. त्यांचं तिच्याशी हसून बोलणं ते शेवटचं.

आम्ही दुपार टळल्यावर परतलो. घर धुऊन काढलेलं, ओलं, स्वच्छ. अक्का गंगेवरून मोक्षाचं स्नान करून आली होती, केस मोकळे, कपाळावर भस्म, चुलीवर खिचडी. ग्रहण सुटलं की घरातलं साठवणीचं पाणी ओतून टाकायचं आणि ताजं भरायचं, ही आमच्याकडची रीत. माठ, हंडे, पितळी पिंप, देवाचा गडू, सगळं तिनं रिकामं करून घाटावरून कळशी कळशी आणून पुन्हा भरलं होतं. चेहरा थकलेला, पण खूष. आम्हाला पाहताच म्हणाली, "सदू, तुझ्या लेकुरवाळीचंही पाणी बदललं रे. ग्रहणाच्या पाण्यात कुठं ठेवायची तिला? बिचारी खारट पाण्यात पडलीय किती दिवस. अमृतराव घाटावरून तिच्यासाठी वेगळी कळशी आणली, छान गाळून."

बाबांनी पायातले बूट काढले नाहीत. तसेच आत गेले, लुगडं ओढून फेकलं, फ्रिज उघडला. मी त्यांच्या मागेच होते. बरणीत पाणी गढूळ पांढरं झालं होतं. लेकुरवाळी फुगून, सैल पडून, झालर बाहेर लोंबत होती आणि अंगावरून बुळबुळीत पापुद्रा सुटत होता. माळ दिसत नव्हती.

"गोडं पाणी," बाबा म्हणाले. एवढंच. मग वळले.

"गंगेचंच आहे," अक्का म्हणाली. तिला अजून काही समजलं नव्हतं. "गंगाजलानं कुणाचं वाईट झालंय का, सदू?"

तेव्हा बाबा बोलले. मी त्यांना आधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. अडाणी म्हणाले, दोन वर्षांची मेहनत मातीत घातलीस म्हणाले, ते सगळं चालून गेलं असतं. अडाणी तर ती होतीच, तिला शाळेत कुणी घातलं होतं? पण मग ते म्हणाले, "पांढऱ्या पायाची आहेस तू. नवरा खाल्लास, ह्या घरात आलीस ती आईला खाल्लंस, माझी बायको गेली. जिथं हात लावतेस तिथं मरतं." सकाळी मैदानावर ह्याच माणसानं पोरांना केळी खायला लावून अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं होतं. माझ्या हातात ती काजळीची काच अजून होती. तो सगळा धडा त्यांना पाठ होता, फक्त घराच्या उंबऱ्याबाहेरचा.

अक्का पुढे झाली. फ्रिजजवळ जाऊन वाकून बघितलं आणि तिथंच जमिनीवर बसली. "लेकरंसुद्धा?" तिनं विचारलं. बाबांनी बरणी उचलली आणि रिक्षा करून विभागात गेले. खिचडी करपली.

आठवडा संपायच्या आत बाबांनी संकठा घाटाजवळ एका धर्मादाय घरात तिच्यासाठी खोली बघितली. आपल्याकडच्या एकट्या बायका तिथं राहत. मी रडले, पाय धरले, जेवले नाही. त्यांनी मला शांतपणे समजावलं की तिलाही तिथं बरं वाटेल, गंगा जवळ आहे. आणि खरा घाला हा की अक्का भांडलीच नाही. जिनं नळावर अख्ख्या गल्लीशी भांडून पाणी भरलं ती बाई आपली वळकटी बांधून मुकाट्यानं जिना उतरली. तिच्या मते शिक्षा बरोबरच होती. पिल्लं अंगावर घेतलेली आई तिच्या हातून मेली होती, लेकरांसकट. ह्यापेक्षा मोठं पाप तिच्या हिशेबात नव्हतं. जाताना मला म्हणाली, "बापाला उलटून बोलू नकोस. चूक माझी आहे." त्या घरात गेल्यावर तिनं मीठ सोडलं. जे त्या जिवाला मिळालं नाही ते मलाही नको, म्हणाली.

आमच्या घरात स्वयंपाकाला महाराजिन आली. बरी होती, कामाला चोख, डाळीत लसूण घाली. घर चालू राहिलं. हे चालू राहणंच मला सहन होत नसे. मी शाळेतून येताना वाट वाकडी करून अक्काकडे जाई. चालत जाण्याच्या अंतरावर तर होती! बाबांनी मला कधी अडवलं नाही आणि कधी विचारलंही नाही. अक्का मात्र विचारी. सदू जेवतो का, थंडीत खोकला होतो का, कानटोपी घालतो का. अळणी वरणभात खाऊन तिचा चेहरा पिवळट झाला होता. मी चोरून तिच्या ताटात मीठ टाकायचा प्रयत्न केला तर ताट सरकवून उपाशी उठली. दरवर्षी मला वाटे, ह्या दिवाळीला बाबा तिला आणतील. दिवाळी येई, महाराजिन चकल्या करी, बिघडवी, आम्ही खाऊ. त्या धर्मादाय घराचं आता गेस्ट हाऊस झालंय. अक्काच्या खोलीत परदेशी मुलं कॉफी पीत बसतात. मी एकदा डोकावले तर पोऱ्यानं मेन्यू आणून दिला.

मी बी.एस्सी.ला असताना बाबांचा सत्कार झाला. त्यांच्या संशोधनाचं बाहेर नाव झालं होतं. सभागृह भरलं होतं, मी पहिल्या रांगेत. बाबा बोलायला उठले, आणि तोच मऊ आवाज लागला. थंड किनाऱ्यांवरच्या त्या समुद्रफुलांचं सांगितलं, कमरेच्या घडीतल्या पिल्लांचं. मग म्हणाले की संशोधनात दैवाचाही हात असतो. "एका किरकोळ घरगुती अपघातामुळे माझा एक नमुना काही वेळ गोड्या पाण्यात राहिला. आई मेली. पण तिच्या घडीत, चिकट स्रावाखाली घट्ट मिटून बसलेली काही पिल्लं खाऱ्या पाण्यात परत ठेवल्यावर त्याच आठवड्यात उमलली." ओहोटीच्या वेळी खडकांवर पाऊस पडतो तेव्हा ही पिल्लं कशी तगतात, ह्याचा धागा त्यांना तिथं मिळाला, आणि पुढचं सगळं काम त्या धाग्यावर उभं राहिलं. टाळ्या पडल्या. मीही आधी दोन टाळ्या वाजवल्या, मग हात थांबले. त्याच आठवड्यात! म्हणजे अक्काची वळकटी बांधली जात होती तेव्हा. की त्याच्याही आधी, कोण जाणे. ह्या माणसाला माहीत होतं, आणि तरी ह्या माणसानं तिला जिना उतरू दिला होता.

मी सभागृहातून उठले ती तडक संकठा घाटाकडे. दिवेलागण झाली होती. अक्का भिंतीला टेकून फुलवाती करत होती, दिसत फारसं नसे, बोटांनाच सवय. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच होतं, की हिच्या डोक्यावरचा दगड आधी उतरवायचा. इतकी वर्षं ही बाई हत्येचं पाप उशाशी घेऊन झोपतेय. मी तिचे दोन्ही हात धरले. "अक्का, पिल्लं वाचली होती."

"कुणाची गं?"

"लेकुरवाळीची. आईच्या घडीत मिटून बसली होती. खाऱ्या पाण्यात ठेवली तशी उमलली. आत्ता बाबांनी सांगितलं, सगळ्यांसमोर."

तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं हात जोडले, गंगेच्या दिशेनं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "वाचली," म्हणाली. "वाचली गं बाई. आईनं वाचवली." ती हसत होती, माझ्या तोंडावरून हात फिरवत होती. मलाही भरून आलं. वाटलं, चला, निदान एवढं तरी झालं. मग तिचा हात थांबला.

"सदूला कधी कळलं?"

खोटं बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बोलायचंही नव्हतं. "तेव्हाच. त्याच आठवड्यात."

अक्कानं हात मागे घेतला. खाली घाटावर आरतीची घंटा वाजत होती.

"मग मला न्यायला का नाही आला गं?"

"महाराजिन मिळाली होती, अक्का," मी म्हटलं.

"हो का," ती म्हणाली. मांडीवरचा कापूस तिनं झटकला, परत गोळा केला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बरा करते का स्वयंपाक?"